सहल कोकणची, तयारी घरची

दिवाळी आटोपली, सोयाबीन विकून झाले आणि तूर अजून शेतात उभी असली, की माझ्या दवाखान्यात एका वेगळ्याच प्रकारचे पेशंट येऊ लागतात. त्यांना काहीच झालेले नसते. चेहरा टवटवीत असतो, खिशात गाडीच्या ॲडव्हान्सची पावती असते. "डाक्टरसाहेब, आमी मालवनले चाललो. जुलाबाच्या दहा-बारा गोळ्या देऊन ठेवा, अन् गाडी लागते तिची एखादी पट्टी." निघायचे कधी? "परवा सकाळी."

पूर्वी शिरपूरचा माणूस सहलीला म्हणजे शेगाव, माहूर, फार तर पंढरपूरला जाई. आता तरुण मंडळींना समुद्रात डुबकी मारायची असते, पॅराशूटला लटकायचे असते आणि ताटात सुरमई हवी असते. मला याचा आनंदच आहे. माणसाने हिंडावे, नवे खावे. पण मंडळी चार महिने आधी खोल्या ठरवतात, कोणत्या खानावळीत जेवायचे तेही ठरवतात. गाडीत बसणाऱ्या चौदा माणसांच्या तब्येतीचा विचार मात्र शेवटच्या दोन दिवसांवर ठेवतात. ही तयारी निदान महिनाभर आधी हवी. विषमज्वराची (टायफॉईड) किंवा कावीळ-अची लस घ्यायची तर ती अंगी लागायला दोनेक आठवडे जातात. धनुर्वाताचे इंजेक्शन बहुतेक प्रौढांनी शेवटचे कधी घेतले ते त्यांनाच आठवत नाही.

गेल्या हिवाळ्यात अशीच तीन कुटुंबे महिनाभर आधी आली तेव्हा मी त्यांना समोर बसवले आणि कागदावर एकेकाचे नाव लिहायला लावले. आजी ६८ वर्षांच्या, मधुमेह, इन्सुलिन चालू. एक काका, मागच्या वर्षी छातीत दुखून अकोल्याला दाखल झालेले. एक सून, पाचवा महिना. एक मुलगा, वय १५, लहानपणापासून कान वाहतो. एका जावयाला दमा. म्हणजे चौदापैकी पाच जणांसाठी काही ना काही वेगळे ठरवायला हवे होते, आणि त्यांच्या सहलीच्या आराखड्यात पाचही जणांनी समुद्रात डुबकी मारायची असे लिहिलेले होते!

वाट लांबची

इथून मालवण सातशे किलोमीटरच्या आसपास. अकोल्याहून मुंबईकडे रेल्वेने आणि पुढे कोकण रेल्वेने कुडाळला उतरणे हा म्हाताऱ्या माणसांसाठी बरा मार्ग. पण बहुतेकांना आपली गाडी हवी असते, आणि एकच ड्रायव्हर रात्रभर चालवणार असतो. पहाटे दोन ते पाच ही झोपेची वेळ आहे. चहा-तंबाखूने ती टळत नाही. दोन ड्रायव्हर घ्या, नाहीतर सोलापूर-कोल्हापूरकडे कुठेतरी मुक्काम करा. गाडी लागण्याची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची असते, उलटी झाल्यावर नव्हे. तिने झोप येते, म्हणून ड्रायव्हरला ती कधीही देऊ नये.

मधुमेही माणसाचे जेवण प्रवासात दोन तास लांबले आणि गोळी किंवा इन्सुलिन मात्र वेळेवर घेतले, तर साखर खाली जाते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसले की 'प्रवासाचा शीण' म्हणून झोपवू नका, आधी साखरपाणी द्या. माणूस गिळू शकत नसेल तर तोंडात काही न घालता सरळ दवाखाना गाठा. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये, बर्फावर थेटही ठेवू नये. ओल्या कापडात गुंडाळून हातातल्या पिशवीत असावे. रोजच्या गोळ्या दोन पिशव्यांत विभागा. एक पिशवी टपावरून पडली तर दुसरी राहते.

पोट आणि पाणी

जुलाबाच्या त्या दहा-बारा गोळ्या मी देत नाही, यावरून माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ आहेत. प्रवासातला जुलाब साऱ्या जगात होतो. मेक्सिकोत फिरायला जाणाऱ्या अमेरिकन माणसांचे पोट इतक्या हमखास बिघडते, की तिथल्या जुन्या राजाच्या नावाने त्याला 'मॉक्तेझुमाचा सूड' असे थट्टेचे नावच पडले आहे. (मालवणी मसाल्यातली मिरची मूळची त्याच मुलखातली. पोर्तुगीज ती सोळाव्या शतकात इकडे घेऊन आले. जुलाबाचे खापर मात्र मिरचीवर फोडू नका.) दोष बहुतेक वेळा दूषित पाणी किंवा अन्नातून आलेल्या जंतूंचा असतो, आणि बहुतेकांचा जुलाब दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतो. जिवाला धोका शरीरातले पाणी आणि मीठ निघून जाण्याचा.

त्यावर उपाय म्हणजे जलसंजीवनी. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ होती. सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा कोलकात्याच्या डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हातून रोग्यांना पाजले. शंभरात तीसपर्यंत जाणारे मृत्यू चारच्या खाली आले. या माणसाला मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले ते २०२३ साली!

पुडी एक लिटरची असेल तर ती सबंध एक लिटर पाण्यात घालायची, ग्लासात चिमूट-चिमूट नव्हे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दुकानात कागदी खोक्यात मिळणाऱ्या गोड सरबतांना जलसंजीवनी समजू नका. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर 'ओआरएस' हे नाव छापायलाच मनाई केली. जुलाब थांबवण्याची गोळी लहान मुलांना देऊ नये. शौचात रक्त किंवा अंगात ताप असेल तर मोठ्यांनीही घेऊ नये. आतडे थांबते, जंतू आतच राहतात.

ताटातला मासा

आपल्याकडच्या मासे खाणाऱ्यांना नदी-तलावातला मासा ठाऊक. मरळ, रोहू, झिंगे. समुद्राच्या माशाचे काही गुण वेगळे आहेत. बांगडा, सुरमई, कुपा अशा माशांच्या मांसात एक द्रव्य असते. मासा बर्फाविना उन्हात राहिला तर जंतू त्याचे हिस्टामिन बनवतात, आणि एकदा बनलेले हिस्टामिन तळून-उकळून जात नाही. असा बांगडा खाल्ला की काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत तोंड लालबुंद होते, डोके ठणकते, अंगावर गांधी उठतात, छाती धडधडते. लोक म्हणतात, मासा 'बाधला', आता जन्मात खायचा नाही. वास्तविक दोष त्या दिवशीच्या शिळ्या माशाचा असतो. साध्या ॲलर्जीच्या गोळीने हा त्रास बहुधा उतरतो. ताज्या माशाचा डोळा फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, मांस बोटाने दाबले की वर येणारे, आणि वास समुद्राचा, अमोनियाचा नव्हे. मालवणच्या बंदरावर सकाळी लिलाव बघायला जा. तासाभरात जे शिकाल ते मी इथे लिहून शिकवू शकत नाही.

खरी ॲलर्जी निराळी. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या हे पदार्थ तुमच्यापैकी अनेकजण आयुष्यात पहिल्यांदा खाणार. पहिल्या दिवशी चव घेण्यापुरते खा आणि थांबा. ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला किंवा चक्कर आली तर गोळीची वाट बघत बसू नका. अशा वेळी ॲड्रिनलिनचे इंजेक्शन लागते आणि तेही मिनिटांच्या हिशेबाने. तिसऱ्या आणि कालवे नीट शिजवलेलीच खावीत. हे जीव समुद्राचे पाणी गाळून जगतात, तेव्हा पाण्यातली घाणही त्यांच्यात साठते. १९८८ साली चीनमधल्या शांघाय शहरात अर्धकच्चे शिंपले खाऊन सुमारे तीन लाख लोकांना कावीळ झाली होती. ज्यांना युरिक ॲसिडचा, अंगठा सुजण्याचा त्रास आहे त्यांनी कोळंबी-खेकड्यावर ताव मारू नये, आणि सोबत बिअर तर मुळीच नको.

घशात काटा अडकला तर भाताचे गोळे गिळू नका, काटा आणखी रुततो. दुखणे राहिले तर कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मिळणारा मासा कुठला, हे विचारून घ्यावे.

आपल्या गावात शाकाहारी घरे पुष्कळ, आणि त्यांना वाटते कोकणात आपले हाल होतील. तसे नाही. आंबोळी, घावणे आणि नारळाचा गूळ घातलेला रस, उकडीचे मोदक, खतखते, काळ्या वाटाण्याची उसळ, फणसाची भाजी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर ओल्या काजूगरांची उसळ. मी स्वतः त्या उसळीसाठी पुन्हा जायला तयार आहे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी घरगुती खानावळीत सकाळीच सांगून ठेवावे. आनंदाने करून देतात. सोलकढी ताजी प्यावी. नारळाचे दूध उन्हाळ्यात काही तासांत नासते. आणि झाडाखाली पडलेल्या काजूबिया मुलांना दाताने फोडू देऊ नका. काजूच्या टरफलातला चीक आपल्या बिब्ब्याच्या चिकाचा सख्खा भाऊ आहे. बिब्बा जसा उततो तसेच ओठ उततात.

एक गोष्ट वऱ्हाडातल्या माणसाला पटत नाही. "आमी ४४ डिग्रीत शेतात राबतो, तिथली ३३ डिग्री आमाले काय करते?" करते. आपल्याकडची हवा कोरडी, घाम सुटला की वाळतो आणि वाळताना अंग थंड करतो. किनाऱ्यावरची हवा दमट, घाम अंगावर तसाच राहतो आणि शरीराची उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून तिथे कमी तापमानातही जीव कासावीस होतो. किल्ला सकाळी बघा, दुपारी सावलीत बसा, तहान नसली तरी पाणी प्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सर्वांत सोयीचे.

विहीर आणि समुद्र

आता मुख्य विषयाकडे येतो, कारण जुलाबाने सहल बिघडते. समुद्राने माणूस जातो.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या महाविद्यालयातून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे आठजण गेले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबासाठी गेलेल्या पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटून दोघांचा मृत्यू झाला. यातली बरीचशी मुले तरुण आणि धडधाकट होती.

आपली पोरे विहिरीत सूर मारून पोहायला शिकतात. विहिरीचे पाणी जागचे हलत नाही, कठडा चार हातांवर असतो. समुद्राचे पाणी चालते. ओहोटीला ते किनाऱ्यापासून आत जाते, आणि काही ठिकाणी लाटांचे पाणी परत फिरताना एका अरुंद पट्ट्यातून नदीसारखे आत धावते. गंमत अशी, की त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून तीच जागा शांत दिसते आणि नवखा माणूस तिथेच उतरतो. अशा ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. उत्तम पोहणाराही दमून बुडतो. अंग सैल सोडून तरंगा, हात वर करून हाक मारा, आणि किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर या. मग लाटाच तुम्हाला आत आणतील. बुडणाऱ्याला वाचवायला दुसऱ्याने उडी घेतली की दोघे जातात, हे दरवर्षी घडते. दोर, रिकामा कॅन, ओढणी, जे हाती असेल ते फेका.

तिथला कोळी किंवा जीवरक्षक "आज उतरू नका" म्हणाला की विषय संपला. बोटीत पाय ठेवण्यापूर्वी लाइफ जॅकेट अंगात घालून सगळे पट्टे आवळा. उशाखाली घेऊन बसायला ते दिलेले नसते. सिंधुदुर्ग किल्ल्याला जाताना बोटीतला प्रवास थोडक्याच वेळाचा असला तरीही. महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला, तोही समुद्र जाणणाऱ्या माणसांच्या भरवशावर.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटा टांगून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी फुप्फुसात उतरते. उताणा निजवा, डोके मागे करून नाक दाबा, तोंडाला तोंड लावून दोन ते पाच श्वास द्या, मग छातीच्या मधोमध ३० वेळा जोराने दाबा आणि पुन्हा दोन श्वास. मदत येईपर्यंत हे थांबवू नका. दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन करावा. गावातल्या तरुण मंडळाने बोलावले तर हे प्रत्यक्ष करून दाखवायला मी रविवारी येईन.

स्कूबाविषयी थोडे. पर्यटन विकास महामंडळाचे तारकर्लीला त्याचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि खासगी व्यवसायही पुष्कळ आहेत. पाण्यात दहा मीटर खाली गेले की शरीरावरचा दाब दुप्पट होतो. कान, नाक, फुप्फुस या पोकळ्यांना तो दाब जाणवतो. सर्दी असेल तर कानाचा दाब जुळत नाही आणि पडदा फाटू शकतो. पडद्याला आधीच भोक असेल तर पाणी आत शिरते, आणि खोल पाण्यात असा घेर येतो की वर कुठे नि खाली कुठे कळत नाही. आपल्या भागात कान वाहणारी मुले घरोघरी आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो. दमा, फिट येणे, हृदयविकार, गरोदरपण यांतही डुबकी नको. वर येताना श्वास कधीही रोखून धरू नये. खाली भरलेली हवा वर येताना फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. त्यानंतर निदान १२ तास, आणि शक्यतो १८ तास, विमानात बसू नये. केंद्रावर भरून घेतात त्या कागदावर आजार लपवून 'नाही' लिहू नका.

त्या कान वाहणाऱ्या मुलाला मी डुबकी नको म्हणालो, तेव्हा त्याने मित्रांना आधीच सांगून ठेवले होते. डोळ्यांत पाणी आले त्याच्या. त्याने बोटीतूनच मासे पाहिले, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तो माझ्यावर अजून रागावलेला आहे. त्याच्या वडिलांना मी पडद्याच्या शस्त्रक्रियेसाठी चिठ्ठी दिली आहे. कान कोरडा राहून पडदा धरला, आणि कानाच्या डॉक्टरांनी होकार दिला, तर पुढे समुद्र कुठे पळून जात नाही.

जंगलात हिंडणाऱ्यांनी बूट झटकून घालावेत. कोकणातला लाल विंचू हृदयावर परिणाम करतो. मूळचे जालना जिल्ह्यातले आणि महाडला स्थायिक झालेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन हे औषध लागू पडते, हे १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये जगाला सांगितले. तेव्हा विंचू चावल्यावर मांत्रिक नको, प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. दोडामार्ग भागात २०१६ साली माकडतापाची साथ आली होती. हा ताप गोचिडांमार्फत होतो, बहुधा जानेवारी ते मे या काळात. त्या रानात पाय झाकून फिरा, पाचोळ्यावर बसू नका. पावसाळ्यात गेलात आणि पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालू नका. तिथे लेप्टोचे जंतू असतात.

घरी परतल्यावर तीन-चार आठवड्यांत ताप आला, डोळे लाल-पिवळे झाले किंवा पोटऱ्या विलक्षण दुखू लागल्या, तर डॉक्टरकडे जाताना 'आम्ही अमुक तारखेला कोकणात होतो, जंगलात फिरलो, चिखलातून चाललो' एवढे आपणहून सांगा. शिरपूरच्या डॉक्टरच्या डोक्यात लेप्टो किंवा माकडताप पहिल्यांदा येत नाही, आणि लेप्टोवरचे औषध लवकर सुरू करण्यातच फायदा असतो.